आठ भागांपैकी शून्य

दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की
आमचं नाशिक आपापसात अंदाज वर्तवू लागायचं.
वडील त्यावर कधी हसले नाहीत. म्हणायचे,
मोजपट्टीच आहे ती, फक्त शेंदूर लावलेली.

ते स्वतः पहाटे साडेपाचला
पांढऱ्या झडपांच्या पेटीपुढे बॅटरी धरून उभे.
कोरडा पारा, ओला पारा,
मग मान वर करून आभाळाचे आठ भाग:
किती झाकलेले, किती उघडे.
पाच-पाच आकड्यांचे गट पाडून
तारेनं पुण्याला.

तेव्हा कुठंतरी खोलीभर यंत्र होतं.
उद्याचं हवामान काढायला त्याला
उद्या उजाडेपर्यंत वेळ लागायचा, असं वडील सांगत,
आणि पृथ्वीवर टाकलेली त्याची जाळी इतकी ढोबळ
की नाशिक, सुरत, औरंगाबाद एकाच चौकटीत.
सह्याद्री म्हणजे नुसता किंचित उंचवटा.
"ब्रह्मगिरी त्याला कोण दाखवणार?"

मग भोकं बारीक होत गेली,
रव्याच्या चाळणीवरून मैद्याच्या चाळणीवर.
आता निफाडची थंडी वेगळी, पिंपळगावची वेगळी,
आणि केदू बोरस्ते मोबाईल बघून ठरवतो
आज रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायच्या
की निवांत झोपायचं.

मी त्या यंत्राला मागचं शिकवते.
जुनी रजिस्टरं, वाळवी लागलेली, एकेक आकडा टिपून.
त्यांवरून ते होऊन गेलेले दिवस पुन्हा काढतं.

सतरा जानेवारी एकोणीसशे ब्याऐंशी.
नाशिक, साडेपाच. ढग: शून्य.
यंत्रानं शेजारी खूण केली: संशयास्पद.
त्याच्या हिशेबानं पाच भाग झाकलेले.

वडिलांनी आधी चहा संपवला.
"त्या दिवशी गेलोच नव्हतो.
तुझी आई सिव्हिलमध्ये कळा देत होती.
दुपारी येऊन मनानं भरलं.
बत्तीस वर्षांत तेवढंच एक खोटं."

म्हणजे माझ्या जन्माच्या पहाटेचं आभाळ
निदान आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही.
एक अंदाज बापाचा,
एक यंत्राचा, सुरत-मालेगावच्या साक्षीवरून.

"पाच भाग?" त्यांनी पुन्हा विचारलं. "असतील.
मला मात्र सगळं स्वच्छ वाटलं होतं."

संशयाची खूण मी तशीच ठेवली.
शून्यही.