सातच्या बातम्या

यादवराव खांदवेंनी पहिली वायर ओढली
ती कडुनिंबाला सुतळीनं बांधून.
वानरं लोंबकळली की पिंपळखुट्याच्या अर्ध्या घरांत
मालिकेतल्या बाईचं तोंड वाकडं व्हायचं.

जिनिंगमागची खोली, चौदा बाय दहा.
भिंतीला निळा पडदा, त्यांच्या बायकोच्या जुन्या शालूचा.
कूलरचा आवाज टेपमध्ये जायचा, म्हणून तो बंद.
मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
पदरानं मान पुसत मी वाचायची:
नमस्कार, नगरवार्तामध्ये आपलं स्वागत.
श्रद्धांजली फोटोसह पन्नास रुपये,
वाढदिवस तीस,
हरवलेली म्हैस फुकट.

माइकसमोर बसवायच्या आधी
महिनाभर नुसत्या वेलांट्या शिकवल्या त्यांनी.
लाल पेन्सिल कानावर, गालात खर्रा.
"वेलांटी चुकली का मेश्रामबाई,
लोकाइचा इश्वास उडते."
बोलताना इश्वास म्हणत,
लिहिताना कधीच नाही.

मग अडाणवरच्या पुलाला भेग गेली.
सात दिवस, रोज सातला, तीच भेग दाखवली.
दुसऱ्या दिवशी तिच्यात रुपयाचं नाणं उभं करून,
तिसऱ्या दिवशी शाळेची पोरं पलीकडे उभी करून.
ठेकेदाराची माणसं वायर तोडून गेली,
हे स्वतः शिडीवर चढले, पॅन्ट फाटली गुडघ्याला.
"घाबरता काऊन? वाचा."
मी वाचलं.
त्या आठवड्यात घरी जाताना
त्यांचा मोठा पोरगा सायकलवर मागं मागं यायचा,
माझ्या फाटकापर्यंत.
ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत, मीही नाही.

आठव्या दिवशी पालकमंत्री आले.
भेग बघितली, नाणं बघितलं,
हसून नाणं खिशात टाकलं
आणि खांदवेंकडे जेवायला गेले.
रोडगे, वांग्याची भाजी. मी वाढायला होते.
भेगेवर सिमेंटचा हात फिरला.
पानावर काय बोलणं झालं, मला कळलं नाही.
साहेबांनी रोडगे दोनदा मागितले,
एवढं आठवतं.

वर्षाच्या आत अमरावतीला, कॅम्पात ऑफिस:
अध्यक्ष, विभागीय प्रसारण तपासणी समिती.
ती बातमी मीच वाचली,
एकही चूक न करता.
केबल पुतण्याच्या नावावर झाली. पडदा तोच राहिला.
खर्रा सुटला त्यांचा. इश्वास पण सुटला,
आता बोलतानाही विश्वास म्हणत.

खोटं कशाला सांगू,
माझ्या पोरीच्या वसतिगृहाचं काम
त्यांनीच केलं. एका फोनात.
आणि फोन ठेवताना विचारलं,
कडुनिंब आहे ना अजून?

मागच्या दिवाळीनंतर भेग पुन्हा उघडली.
मी वाचली. एकच दिवस.
गुरुवारी नोटीस आली,
विना परवाना वृत्तप्रसारण, तत्काळ बंद.
टायपिस्टनं "वीना" मारलं होतं.
दुसरी वेलांटी लाल पेन्सिलनं खोडलेली,
अलीकडे पहिली काढलेली,
बारीक, जरा उजवीकडे कललेली.
सहीपर्यंत नजर जायच्या आधीच
मी ओळखली.
मला हसू आलं.
पुतण्या म्हणाला, "हसता काऊन बाई?
आपलं तं दुकान बसलं."
काय सांगणार त्याला?

सातला गावभर पडदे निळे.
लोक टीव्हीच्या डोक्यावर थापा मारत होते,
पाटणेंनी तर पोराला निंबावर चढवलं, वायर बघायला.
वायर शाबूत होती.

मी पुलावर गेले.
एक रुपया काढून भेगेत उभा करायला गेले.
उभा राहिना.
सुटला हातातून, खाली गेला,
आणि कोरड्या पात्रातल्या गोट्यांवर
पडल्याचा आवाज
जरा उशिरानं आला.