बघू

नापास का झालं, असं कंपनीनं फॉर्ममध्ये विचारलं,
उत्तराला जागा अडीचशे अक्षरांची.
मी लिहिलं: नेटवर्क.
ते काही खोटं नव्हतं.
सेलूत दुपारी नेटवर्क जातंच.

तेरा महिने मी 'नजर' विकली.
चष्मा. वजन बेचाळीस ग्रॅम.
घातला की काचेवर समोरच्याचं नाव,
गाव, धंदा, मागच्या खेपेचं बोलणं, येणं-देणं,
आणि कानात एक बाई,
जेवल्यासारखी न वाटणारी, शुद्ध बोलणारी.
जगात म्हणे एवढा पैसा
कुठल्याच चष्म्यावर लागला नव्हता.

पहिल्या पाहणीलाही मीच फिरलो होतो,
मोंढा, स्टेशन रोड, जिनिंगची लाइन,
दोनशे अकरा माणसं.
घ्याल का, विचारलं
तर दोनशे चार जण म्हणाले, बघू.
टॅबवर चौकटी दोनच, हो आणि नाही.
बघू मी होमध्ये टाकलं.

मला काय ठाऊक नव्हतं?
माझ्या सोयरिकीला तीन घरांनी
चहा पाजून बघू म्हटलेलं.
पण नोकरी नवी होती,
टॅब गरम झाला होता,
आणि सात 'नाही' मी प्रामाणिकपणे नोंदवले.
वर कुठंतरी, थंड खोलीत,
भिंतीएवढ्या पडद्यावर
सत्त्याण्णव टक्के उमटले असतील.
टाळ्या झाल्या असतील.

मुस्तफा टेलरनं घातला पहिल्या दिवशी.
चष्म्यानं त्याला अख्खी गल्ली वाचून दाखवली.
ऐकून घेतलं त्यानं, मान हलवली,
मग सुई उजेडाला धरून म्हणाला,
समदं दिसायलंय भाऊ,
हिचं भोक तेवढं दिसंना.
नंबरच्या काचा
पुढच्या आवृत्तीत येणार होत्या.

पण खरं बिनसलं लोयांच्या दुकानात.

वेणूताई गिराम रोज साडेचारला
शिवणवर्गाहून घरी जायच्या, रस्त्याच्या पलीकडून,
छत्री दुकानाकडं कललेली.
ऊन दुसऱ्या बाजूला असायचं.
तेवढ्यात चंदनमल लोया
वहीत डोकं घालायचे, काहीतरी शोधायचे,
छत्री पुढं गेली की वर बघायचे.
चार वर्षं असं चाललेलं.
दिवाळीला त्या थोडे देऊन जायच्या,
ते वेलदोडे जास्त घालायचे पुडीत.
एक शब्द नाही.

आमच्या चष्म्याच्या दांडीवर हिरवा दिवा होता.
ओळख पटली की लागायचा,
समोरच्याला कळावं म्हणून.
ही कंपनीची सभ्यता.

त्या दिवशी लोयांनी वहीत डोकं घातलं,
पण चष्मा आधीच बघून चुकला होता.
छत्रीच्या कडेखालून
वेणूताईंना तो दिवा दिसला.
थांबल्या.
मी काउंटरशी उभा होतो, खोके मोजत.

दुसऱ्या दिवशी सहाशे चाळीस रुपये आले,
सुटे, घडी न मोडलेल्या रुमालात,
शेजारच्या पोराच्या हातून.
लोयांनी पैसे मोजले नाहीत.
चष्मा कापसात गुंडाळून माझ्याकडं सरकवला.
चांगलाय, म्हणाले,
मला एवढं बघायचं नव्हतं.

मग एकेक करत परत आले.
कुणी म्हणालं कान दुखतो,
कुणी म्हणालं पोरगं रडतं दिव्याला भिऊन.
मी दिसलो की लोक
फोन कानाला लावायला लागले.
बंद पडलेले फोनसुद्धा.

हे अडीचशे अक्षरांत बसत नाही.
शिवाय कुठल्या चौकटीत टाकणार.

माझ्या खाटेखाली एकोणीस खोकी आहेत.
एक मुस्तफाला दिलं फुकट,
त्यानं काचा काढून नंबरच्या बसवल्या.
बाई गप्प, दिवा मेलेला.
सुईत दोरा एका दमात जातो म्हणतो.

वेणूताई आता मोंढ्यातून किराणा आणतात, रोख.
छत्री उन्हाकडं धरतात.

लोया अजून साडेचारला
वहीत डोकं घालतात.
पलीकडून कुणी जात नसतं.