मुठीचं माप

सप्टेंबर सरत आला की दुकानात आधी चिखलाचे बूट येतात,
माणसं त्यांच्या मागून.
कोडिअ‍ॅकच्या या बंदरात मी गळ विकतो, दोर विकतो,
इंजिनाचे सुटे भाग, कालची कॉफी,
आणि काचेखाली हिरव्या कापडावर
सहा रिव्हॉल्व्हर. त्यांच्यावरची धूळ रोज पुसतो,
गिऱ्हाईक आलं की मात्र
झाकून ठेवावीशी वाटतात.

फेवरोनिया आली ती टोपी न काढताच.
उन्हाळाभर नदीच्या आडकाठीवर बसून
ती सरकारसाठी मासे मोजते.
लाल सॅमन एका क्लिकरवर, रुपेरी दुसऱ्यावर.
"टॉरगर, सगळ्यात मोठं दाखव," म्हणाली.

सगळे तेच म्हणतात.
भीतीला लहान आकडे वाचता येत नाहीत.

चारशे चोपन्नचं काढून दिलं.
म्हटलं, हात लांब कर, मी वीसपर्यंत मोजतो.
अकराला नळी झुकली,
मासा लागल्यावर गळाची काठी झुकते तशी.
तेराला ती हसली, स्वतःवरच.

मग मी तिला त्या पाहुण्याची गोष्ट सांगितली,
ज्यानं याहून मोठं घेतलं होतं.
कमरेला टोचतं म्हणून तंबूत काढून ठेवलं
आणि पाणी आणायला गेला.
परत येतो तर तंबूत अस्वल.
त्याला काहीच केलं नाही त्यानं.
त्याच्यादेखत दोन किलो लोणी खाल्लं, आणि गेलं.
अंगावर जे राहतं, तेच आपलं हत्यार.
बाकी सगळं सामान.

"आणि खरं सांगू?" मी लाल डबा पुढे सरकवला,
"अस्वलाला आधी हा मिरचीचा फवारा.
वाऱ्याची दिशा बघायची, एवढंच."
"दोन दे," ती म्हणाली. "ते अस्वलासाठी."

मी थांबलो.
"मग हे?"

तिनं काचेवर बोटांचे ठसे उमटवले, बाहीनं पुसले.
"अस्वल इंजिन बंद करून येत नाही, टॉरगर.
वळणापर्यंत आवाज येतो.
पुढे नुसती वल्ही.
मग माझ्या झोपडीसमोर बराच वेळ
काहीच नाही."

गाव लहान आहे आमचं.
इंजिनाच्या खोकल्यावरून मालक ओळखतो आम्ही.
मी नाव विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही,
नुसती खिडकीतून तिसऱ्या धक्क्याकडे बघत राहिली
लागेल तेवढा वेळ.

त्यानंतर आम्ही दोघांनी फक्त कामाचं बोललो.
चव्वेचाळीसचं, चार इंची नळी,
लाकडी मूठ काढून रबरी बसवली,
कारण तिचं बोट चापापर्यंत पोचत नव्हतं
आणि मूठ मापाची नसली
तर नेम दुसऱ्याच कुणाचा होतो.
विसाला नळी सरळ होती.
रिकामं आहे याची मी दोनदा खात्री केली, तिनं तिसऱ्यांदा.
सहा वेळा चाप ओढला तिनं,
डोळे भिंतीवर, ओठ हलताहेत.
मोजत होती.
सवय.

"यानं थांबेल?"
"अस्वल? नीट लागलं तर."
पुढचं तिनं विचारलं नाही. मला ठाऊकही नव्हतं.

फॉर्म भरला. परवानगी आली.
जाताना म्हणाली, "यंदा रुपेरी कमी आहेत,"
आणि दाराची घंटा तिच्यामागे वाजत राहिली.

मी शटर ओढलं. दिवा लावला.
उधारीची वही काढून मागच्या आठवड्याचं पान उघडलं.
तिसरा धक्का, निळी होडी,
एक प्रॉपेलर, तीन पात्यांचा,
पैसे मोसम संपल्यावर.
माझंच अक्षर. खाली मीच लिहिलेलं: माणूस भरवशाचा.

वही मिटली.
पान्यांची पेटी कुठं ठेवली होती ते आठवायला जरा वेळ लागला.
बाहेर भरती उतरत होती, धक्का ओला होता,
आणि हिशेबानं बघितलं तर
तो प्रॉपेलर अजून माझाच आहे.