कड

मांड्याची कड जाड राहिली
की द्वारकाबाई दिवसभर कुणाशी बोलायची नाही.
धरणगावच्या लग्नांमध्ये तीस वर्षं
मनगटापासून कोपरापर्यंत तिनं पुरणाचा उंडा खेळवला,
खापराहून रुंद होईतो.
मी धाकटी जाऊ. जाळ सांभाळायला.

उजव्या हाताची गाठ आधी सुपारीएवढी.
"दुखस नही, मंग काय?"
आखाजीला लिंबाएवढी झाली,
कानबाईच्या रोटांपर्यंत पेरूएवढी,
आणि लहानपणी गोंदलेला विंचू
तिच्यावर ताणून रुंद बसला.

जळगावला झोपे डॉक्टरांनी सुईनं तुकडा काढला,
आठ दिवसांनी नाव सांगितलं: सार्कोमा.
ती ते नाव दोनदा बोलून पाहिली,
नव्या सोयऱ्याचं आडनाव पाहावं तसं.
मी विचारलं, हात काढणार?
"पूर्वी काढायचे."
त्यांनी कागदावर गाठ काढली, भोवती रिंगण.
"नुसती गाठ काढून भागत नाही,
भोवतीची चांगली कडही काढायची. जाड असेल तेवढी बरी."
तेव्हा ती हसली.
"जाड कड! मना जलम गया ती पातळ करामा."
"पण इथे बोटांची नस चिकटून जाते," ते म्हणाले,
"इथे पातळच पडेल.
म्हणून आधी किरणं, मग चाकू."

पंचवीस दिवस. शनिवार-रविवार सुट्टी, कचेरीसारखी.
सकाळची पॅसेंजर, फडक्यात कळण्याची भाकरी.
तडवी नावाचा मुलगा तिचा हात साच्यात बसवायचा.
यंत्राला वाट कळावी म्हणून
विंचवाशेजारी त्यानं तीन ठिपके गोंदले होते.
जड दार लागायचं. ती आत, मी बाकावर.
जाळ कसा आहे गं?
"धूर नही, ऊब नही. खापर तापेलच वाटस नही."
चौथ्या आठवड्यात कातडी काळी पडून सोलली.

मग पाच आठवडे काहीच नाही.
इलाजात एवढं रिकामं असतं
हे कुणी सांगितलं नव्हतं.
सुपाऱ्या घेतलेल्या, म्हणून मांडे मी केले.
कड जाड आली. तिनं पाहिलं,
बोलली नाही.

ऑपरेशन चार तासांचं.
मांडीची कातडी हाताला लावली.
आधी किरणं घेतली की जखम हळू भरते, म्हणाले;
संक्रांत आली तरी ओली होती.
रिपोर्टात लिहिलं होतं: कड साफ.
नसेपाशी एकच मिलिमीटर. तोही साफ.
तरी दर तीन महिन्यांनी छातीचा स्कॅन,
ती तारीख तिनं चुलीवरच्या भिंतीला कोळशानं लिहिली.

पट्टी सुटली त्या दिवशी
हात खिडकीपाशी नेऊन तिनं पाहिलं.
आकडे आहेत, धड आहे,
शेपूट शिवणीत गेलेली.
"इच्चूनी नांगी टाकी दिन्ही," म्हणाली.

करंगळी अजून सरळ होत नाही.
काल तिनं लिंबाएवढाच उंडा घेतला,
डाव्या हातावर फिरवला,
उजव्यावर घेताना थरथरला, फाटला.
तिनं गोळा करून पुन्हा घेतला.
मी जाळ कमी केला नाही.