हरकत क्रमांक दोनशे अकरा

नकाशा सोमवारी पंचायतीच्या भिंतीवर टांगला
आणि मंगळवारपासून
माझ्या झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग.

आंबेहोळ, बेळगावच्या वेशीपासून अडीच कोस.
नव्या महायोजनेत मात्र
अडीच इंच आत.

हिरवा म्हणजे शेती. पिवळा म्हणजे घरं.
जांभळा कारखाना, लाल बाजार.
करडा कशाचा, ते कुणालाच सांगता येईना.
नावं सगळी कन्नडमध्ये.
हरकतीला तीस दिवस, त्यातले अकरा
नकाशा कपाटात असतानाच सरलेले.

मी दोन्ही लिपी लिहिते.
मराठी शाळेतली, कन्नड पोटासाठी शिकलेली.
पानाला पाच रुपये, अर्ज लिहून हवा तर वीस.

ओमाण्णा मजुकर आले, सर्व्हे नंबर तोंडपाठ.
"लिव बाई, हिरवा हाय, हिरवाच ऱ्हावा.
आमचा बासमती चुलीवर चढला
की तिसऱ्या घरात कळतंय."
दुपारी त्यांचाच भरमा,
मोटारसायकल चालूच ठेवून:
"पिवळा करा म्हणून घाल.
वास खाऊन हप्ते फिटत नाहीत."
दोन्ही अर्ज मीच लिहिले, एकाच पेनानं,
एकाच सर्व्हे नंबरवर.
जाताना दोघंही म्हणाले, घरात बोलू नको.

शेवटच्या दिवशी साहेब आले, कटगेरी,
गदगकडचे, पोरसवदा, घामेजलेले.
खुर्च्या पंधरा, माणसं दीडशे.
सातेरव्वा काठी टेकत पुढे झाली:
"ह्यात उगवत कुठली?"
वरची बाजू म्हणजे उत्तर, आजी.
"वर आभाळ असतंय," ती म्हणाली.

मग नकाशा उतरवला.
फरशीवर अंथरला, गडाकडे डोकं करून फिरवला,
आणि गाव चपला काढून भोवती बसलं.

आता कुठे बोटं उठली.
नाला फूटपट्टीनं ओढलेला, सरळ.
"असा कधी वाहिला तो?
आषाढात इथनं वळतोय,
माळाच्या खाली जावयासारखा दोन दिवस बसतोय,
मगच निघतोय."
ओमाण्णांचं बोट शेतावर टेकलं.
शेजारी भरमाचं.
दोघांनी नकाशाकडेच पाहिलं.

विहिरी तर काढल्याच नव्हत्या.
मी दुकानातून टिकल्यांचं पाकीट आणलं,
सातेरव्वा सांगेल तिथे एकेक चिकटवली.
अकरा. त्यातल्या सात पिवळ्यात,
आणि एक बरोबर
ऐंशी फुटी रस्त्याच्या मधोमध.

"सरकारी कागद आहे, असं चिकटवायचं नसतं,"
साहेब कन्नडमध्ये ओरडले.
मग गुडघ्यावर बसले.
"इदु एनु?"
"बाव," सातेरव्वा म्हणाली.
"बावि?" ते म्हणाले.
मधे फक्त एक वेलांटी.
त्यांनी अकराही मोजल्या, वहीत लिहून घेतल्या.

गोष्ट इथे थांबवली असती तर बरं दिसलं असतं.
पण पाच वाजले, जीप हॉर्न मारू लागली,
नकाशाची गुंडाळी झाली
आणि तीन टिकल्या फरशीवर राहिल्या.
कुठल्या विहिरींच्या, आता कोण सांगणार?
"बघू," साहेब म्हणाले. दोन्ही भाषांत.

माझ्या नावावर गुंठाभरही जमीन नाही.
दुकान भाड्याचं, तेही पत्र्याचं.
तरी टेबल आवरण्याआधी मी एक अर्ज लिहिला,
सर्व्हे नंबरचा रकाना कोरा,
खाली एकच ओळ, वर कन्नड, खाली मराठी:
पुढच्या वेळी नकाशा भिंतीवर टांगू नये.

कारकुनानं वाचलं, हसला नाही,
शिक्का मारला. दोनशे अकरा.
पोचपावतीची मी झेरॉक्स काढली
आणि पाच रुपये
माझ्याच गल्ल्यात टाकले.