पस्तीस मिनिटं

रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून
वारज्यातल्या आमच्या गच्चीवर मी काठी रोवली आहे.
घड्याळात बारा वाजतात
तेव्हा तिची सावली अजून पश्चिमेलाच रेंगाळते,
साडेबारा उलटल्यावर कुठे पाय आखडते.
घड्याळ मिर्झापूरचं, ऊन पुण्याचं.
मधली पस्तीस मिनिटं कुणाच्याच वहीत नाहीत.

बत्तीस वर्षं शिकवलं: एका अंशाला चार मिनिटं.
एकीनं विचारलं होतं,
बाई, रेषा जमिनीवर खरंच असतात?
नसतात, म्हटलं. पुढचं गणित सोडव.

हे गेले मंगळवारी, सकाळी सहाला.
शाल्मलीकडे, होनोलुलूला,
सोमवार होता, दुपारचे अडीच.
ती पार्किंगची पावती घेत होती.
दाखल्यावर मंगळवार आहे.
तिच्या कॅलेंडरवर मात्र सोमवारभोवती
निळ्या पेनाचं वर्तुळ,
दोनदा गिरवलेलं.
फोनवर म्हणाली, आई, बाबा सोमवारी गेले ना?
मी हो म्हटलं.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच
उत्तर तपासलं नाही.

आणि या काठीच्या हिशेबानं
तेव्हा सहा वाजलेच नव्हते,
साडेपाचसुद्धा नाही.
ह्यांचा चहा
अजून व्हायचा होता.