चार मिनिटं

लॅपटॉप सुरू व्हायला चार मिनिटं घ्यायचा.
तेवढ्यात मी आलं किसायचे,
समोरच्या गॅलरीतल्या दमयंतीबाईंशी
आज पाणी किती वाजता गेलं ते बोलायचे,
परतून बघावं तर
ते गोल गोल अजून फिरतंय.

ऑर्लेमच्या कोलासोने यादी उघडली.
"विकलेला प्रिंटर रोज शोधतोय हा, मॅडम.
बंद पडलेल्या ऑफिसात
रोज हजेरी लावतोय."
एकेक टिक काढली. नवी डिस्क घातली.
जुनी माझ्या तळहातावर ठेवली,
अजून कोमट.

आता अकरा सेकंद.
आलं अख्खंच, किसणी कोरडी,
आणि स्क्रीन पासवर्ड मागत
माझ्याआधी टेबलाशी बसलेली.

काल जिन्यात दमयंतीबाई भेटल्या.
म्हणाल्या, गावाला गेला होतात काय?